पटवून देणे आणि भुलविणे : आंतरजालावरील प्रभावाचा विचार

एका मनुष्याने दुसऱ्याच्या मतावर किंवा कृतीवर प्रभाव पाडणे ही समाजजीवनातील नित्याची घटना होय. वैद्य रोग्यास पथ्य पाळावयास सांगतो, वकील न्यायाधीशापुढे आपल्या अशिलाची बाजू मांडतो, शेतकी अधिकारी नवे बियाणे वापरून पाहण्याचा आग्रह धरतो, दुकानदार गिऱ्हाइकापुढे आपल्या मालाचे गुण वर्णितो. या सर्वांचा हेतू दुसऱ्याचे मन वळविण्याचाच असतो, आणि त्यात गैर असे काही नाही. किंबहुना लोकशाही राज्यपद्धती याच गोष्टीवर उभी आहे. कारण जेथे निर्णय बळाने करावयाचा नसतो, तेथे तो एकमेकांस पटवून देऊनच करावा लागतो.

परंतु मन वळविण्याचे सर्वच मार्ग सारखे नसतात. काही मार्ग ऐकणाऱ्याच्या विचारशक्तीस आवाहन करतात. काही तिला बगल देऊन आपले काम साधतात. पहिल्या प्रकारास ‘पटवून देणे’ व दुसऱ्यास ‘भुलविणे’ असे म्हणता येईल. आज भारतातील कोट्यवधी लोक बातमी, खरेदी, औषधोपचाराची माहिती आणि राजकीय मत या साऱ्यांसाठी मोबाईलच्या पडद्याकडे पाहतात. तेव्हा या दोहोंतील भेद ओळखता येणे ही लिहिता-वाचता येण्याइतकीच आवश्यक विद्या ठरली आहे.

१. प्रभावाचे तीन प्रकार

दुसऱ्याकडून एखादी गोष्ट करवून घेण्याचे स्थूलमानाने तीन मार्ग संभवतात. पहिला सक्तीचा. सक्ती समोरच्याचे पर्याय काढून घेते. दुसरा पटवून देण्याचा. यात कारणे व पुरावे पुढे ठेवले जातात, आणि ते तपासून स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडेच राहतो. तिसरा भुलविण्याचा. यात पर्याय वरवर पाहता शाबूत असतात. पण निवड करणाऱ्या मनाच्या एखाद्या दुबळ्या जागेचा, त्याच्या नकळत, उपयोग करून घेतला जातो. ज्याच्यावर सक्ती होते त्याला ती झाल्याचे ठाऊक असते. भुललेल्या मनुष्यास मात्र झालेला निर्णय आपलाच वाटतो. म्हणूनच तो सहसा तक्रार करीत नाही आणि पुन्हा त्याच रीतीने भुलू शकतो.

या ठिकाणी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. भावनेस हात घालणे म्हणजे भुलविणेच, असा पहिला गैरसमज आहे. भारतात २०१६ सालापासून तंबाखूच्या वेष्टनाच्या दर्शनी भागांचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेसाठी राखला जातो आणि त्यावर रोगाचे भयंकर चित्र असते. ते चित्र भीती उत्पन्न करते यात शंका नाही. परंतु तंबाखूने कर्करोग होतो ही गोष्ट सत्य आहे, आणि ती भीती वस्तुस्थितीस अनुरूप आहे. खऱ्या धोक्याची यथार्थ भीती विचारास मदतच करते.

दुसरा गैरसमज असा की, असत्य सांगितल्याखेरीज कोणासही भुलविता येत नाही. वास्तविक सर्व विधाने खरी असूनही त्यांची निवड, त्यांचा क्रम आणि त्यांतून वगळलेला भाग यांच्या योगे वाचकाची पूर्ण दिशाभूल करता येते. याचे एक उदाहरण पुढे येईलच.

२. प्राचीन शास्त्रांतील विचार

हा भेद आजचा नव्हे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या चर्चेचा हेतू सत्य जाणणे हा असतो तिला ‘वाद’ म्हणतात. केवळ जिंकण्यासाठी केलेली चर्चा हा ‘जल्प’, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करीत राहणे ही ‘वितंडा’. वादात विधान कसे सिद्ध करावे याची शिस्तही नैयायिकांनी घालून दिली : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही ती पाच अंगे होत. या शिस्तीमुळे ऐकणाऱ्यास प्रत्येक पायरी तपासता येते.

न्यायशास्त्राने ‘छल’ या प्रकाराचेही विवेचन केले आहे. बोलणाऱ्याच्या शब्दास त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्यास खोटे पाडणे म्हणजे छल. वात्स्यायनाच्या भाष्यातील यावरील उदाहरण प्रसिद्ध आहे. एका मुलाची घोंगडी नवी आहे, या अर्थाने कोणी ‘नवकंबल’ हा शब्द वापरतो. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊही. छल करणारा लगेच विचारतो की, याच्यापाशी नऊ घोंगड्या कोठे आहेत? शब्द तोच राहतो. अर्थ मात्र सरकविला जातो.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वशास्त्रावर ग्रंथ लिहिला. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद ही मन वळविण्याची तीन साधने त्याने त्यात सांगितली. या तिन्हींचा सदुपयोगही होतो व दुरुपयोगही होतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या काळच्या वादसभेत प्रतिपक्षी समोर हजर असे आणि सर्व सभासद एकच भाषण ऐकत. कोणी छल केलाच तर तो तेथल्या तेथे उघडकीस आणता येई. आंतरजालावर ही सभा मोडली आहे. तेथे प्रत्येक जण एकटा, आपापल्या पडद्यावर, आपल्यापुरता निवडलेला मजकूर पाहत असतो, आणि प्रतिपक्षी तेथे हजर नसतो.

३. एका चित्रफितीचे दोन परिणाम

पाकिस्तानातील कराची शहरात मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने एक लहानशी चित्रफीत तयार करविली होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि एका मुलास उचलून नेतात. काही क्षणांनी ते परत येतात, मुलास खाली ठेवतात आणि हातातील फलक उलगडून दाखवितात. रस्त्यावरून मूल पळविण्यास एक क्षण पुरतो, तेव्हा आईबापांनी सावध असावे, असा त्या फलकाचा आशय होता. ही चित्रफीत भीतीचा उपयोग करते. परंतु शेवटी ती स्वतःच सांगते की, हे नाटक होते व त्याचा हेतू अमुक होता. पाहणारा तो सल्ला मानण्यास वा न मानण्यास मोकळा राहतो. हे पटवून देणे होय.

पुढे कोणी तरी या चित्रफितीतील मूल परत आणल्याचा व फलकाचा भाग कापून टाकला. उरलेला तुकडा मुले पळविणारी टोळी आल्याच्या इशाऱ्यासह भारतातील अनेक राज्यांत, अनेक भाषांत, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरू लागला. उरलेल्या चित्रांत नवे असे काही घातलेले नव्हते. केवळ शेवट गेल्यामुळे नाटक ‘घटना’ बनले, आणि सावधगिरीचा सल्ला अनोळखी माणसांविरुद्धचा आरोप बनला. हे भुलविणे होय.

२०१७ व २०१८ या वर्षांत अशा अफवांमुळे देशात ठिकठिकाणी निरपराध लोकांचे बळी गेले. महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, मुले पळविणारे असल्याच्या संशयावरून, जमावाने पाच जणांस ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षेवर उपजीविका करणारे लोक होते. मारणाऱ्यांपैकी अनेकांस आपण गावातील मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटत असावे. अपत्यप्रेमासारखी उदात्त भावनाही चुकीच्या वस्तुस्थितीवर बेतली गेली तर मनुष्यास कोठे नेऊ शकते, हे या घटनेवरून कळून येते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास मर्यादा घातली. संदेश कोणाच्या अनुभवातून आलेला आहे आणि कोणता नुसताच हातोहात फिरत आला आहे, हे कळणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

४. मनाच्या सवयी

मनुष्य सहज का भुलतो, याचा मानसशास्त्राने पद्धतशीर अभ्यास केला आहे. मन प्रत्येक निर्णय मुळापासून विचार करून घेत नाही. तसे केल्यास दिवसाचे व्यवहारच थांबतील. ते काही सवयींवर विसंबते. या सवयी बहुधा उपयोगी पडतात. पण ज्याला त्या ठाऊक आहेत त्यास त्यांचा गैरफायदाही घेता येतो.

पहिली सवय बहुमतामागे जाण्याची. सॉलोमन अ‍ॅश या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समोरील तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेइतकी लांब आहे, एवढाच प्रश्न होता. गटातील एक सोडून सर्व जण शास्त्रज्ञाशी आधीच संगनमत केलेले होते आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कोणाचीही चूक होत नसे. परंतु गटात बसल्यावर सुमारे तीनचतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांस दिसणारे सत्य सोडून गटाचे उत्तर उचलले. पडद्यावर दिसणारे पसंतीचे आकडे याच सवयीस आवाहन करतात. आणि ते आकडे विकतही मिळू शकतात.

दुसरी सवय मांडणीस बळी पडण्याची. एमॉस ट्वर्स्की व डॅनियल कानेमन यांनी १९८१ मध्ये एक काल्पनिक साथ लोकांपुढे मांडली. तीत ६०० माणसे दगावण्याचा संभव होता. एका उपायाने २०० लोक खात्रीने वाचतील. दुसऱ्याने सर्व वाचण्याचा संभव तीनांत एक, आणि कोणीच न वाचण्याचा संभव तीनांत दोन. ७२ टक्क्यांनी खात्रीचा उपाय पसंत केला. दुसऱ्या गटास तेच उपाय मृत्यूच्या भाषेत सांगितले : पहिल्याने ४०० लोक मरतील, दुसऱ्याने कोणीच न मरण्याचा संभव तीनांत एक, आणि सर्व मरण्याचा संभव तीनांत दोन. या वेळी ७८ टक्के लोक दुसऱ्या उपायाकडे वळले. आकड्यांत यत्किंचितही फरक नव्हता. केवळ शब्दांनी निवड उलटी केली.

तिसरी सवय आधीच निवडून ठेवलेली गोष्ट तशीच राहू देण्याची. चौथी, थोडेच शिल्लक उरले आहे असे ऐकताच घाई करण्याची. या दोहोंचा सर्वाधिक वापर आंतरजालावरील बाजारपेठेत होतो.

५. बाजारपेठेतील क्लृप्त्या

‘फक्त दोनच नग शिल्लक’, ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे’, ‘आताच एका ग्राहकाने ही वस्तू घेतली’ अशी वाक्ये खरेदीच्या संकेतस्थळांवर सर्रास आढळतात. ती खरी असतील तर उपयुक्त माहिती ठरतात. परंतु प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदी-संकेतस्थळे तपासली, तेव्हा अशा फसव्या किंवा दडपण आणणाऱ्या रचनांची १,८१८ उदाहरणे सापडली. काही ठिकाणी वेळ संपल्यावर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. काही ठिकाणी खरेदीची बातमी यंत्राने स्वैरपणे जुळविलेली असे.

अशा रचनांस हॅरी ब्रिग्नल या आरेखनतज्ज्ञाने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या कायद्यान्वये, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून त्यांना मनाई केली. त्यांत तेरा प्रकार नमूद आहेत. खोटी निकड दाखविणे. ग्राहकाच्या संमतीविना त्याच्या खरेदीत आणखी वस्तू किंवा देणगी घुसविणे. ‘नको’ म्हणणाऱ्यास लाज वाटेल असे शब्द योजणे. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे दुष्कर ठेवणे. खरी किंमत अगदी शेवटी उघड करणे. जाहिरातीस बातमीचा वेष चढविणे. प्रश्न मुद्दाम गोंधळाच्या भाषेत विचारणे, हे त्यांपैकी काही होत. अशा प्रसंगी ग्राहकास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

६. आंतरजालाने कोणता फरक पडला?

लबाड विक्रेता पूर्वीही होता. मग आंतरजालाने नवीन काय घडविले? चार गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली, व्यक्तिगत माहितीचा साठा. जुन्या वर्तमानपत्रातील जाहिरात सर्व वाचकांस एकच दिसे. आज कोणी काय पाहिले, कोठे थांबला, काय विकत घेतले, यांवरून त्याच्यासाठी वेगळा मजकूर निवडता येतो. केंब्रिज अ‍ॅनॅलिटिका या कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा फेसबुकच्या सुमारे ८ कोटी ७० लाखांपर्यंत सदस्यांची माहिती राजकीय प्रचाराच्या कामी गैररीतीने पोचली असावी, असे फेसबुकनेच सांगितले.

दुसरी, प्रयोगाची सोय. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा ६,८९,००३ सदस्यांस दिसणाऱ्या मजकुरातील आनंदी वा दुःखी शब्दांच्या नोंदींचे प्रमाण बदलून पाहिले, आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणात थोडा फरक पडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम अत्यल्प होता. परंतु आपण प्रयोगाचा विषय आहोत हे त्या सदस्यांस ठाऊक नव्हते, ही गोष्ट टीकेस पात्र ठरली.

तिसरी, वेग. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० वार्तांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असत्य वार्ता पुढे पाठविली जाण्याचा संभव सत्य वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळला. विशेष हे की, याचे मुख्य कारण यंत्रे नसून माणसेच होती. असत्य वार्ता अधिक नवलाची वाटे, आणि नवल सांगण्याची हौस मनुष्यास फार.

चौथी, निवडीचा क्रम. पडद्यावर प्रथम काय दिसावे हे गणिती रीतीने ठरते, आणि त्या रीतीचा एक प्रमुख हेतू पाहणाऱ्यास तेथे खिळवून ठेवणे हा असतो. राग व कुतूहल चेतविणारा मजकूर त्यामुळे पुढे येण्याचा संभव वाढतो.

७. चार कसोट्या

वरील विवेचनावरून कोणताही संदेश तपासण्यासाठी चार कसोट्या निघतात.

(१) उघडेपणा. संदेश कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने पाठविला हे सांगितले आहे काय? वापरलेली युक्ती समजावून सांगितल्यावरही तिचा प्रभाव योग्य वाटतो काय? तंबाखूवरील चित्राचा हेतू सर्वांस ठाऊक असूनही ते सूचना म्हणून टिकते. खोट्या घड्याळाचे रहस्य कळताच त्याचा जोर नाहीसा होतो.

(२) सत्य व पूर्णता. विधाने खरी आहेत काय, आणि ज्यामुळे अर्थ बदलेल असा एखादा भाग वगळलेला नाही ना?

(३) सवड. विचार करण्यास, दुसऱ्यास विचारण्यास वेळ दिला आहे काय? जेथे विनाकारण घाई केली जाते तेथे संशयास जागा असते.

(४) परतीची वाट. ‘नाही’ म्हणणे आणि एकदा दिलेली संमती मागे घेणे हे ‘होय’ म्हणण्याइतकेच सोपे आहे काय?

या कसोट्या यांत्रिकपणे लावावयाच्या नाहीत. पूर येत असता दिलेला इशारा घाईचाच असणार. तेथे सवडीपेक्षा सत्याची कसोटी मोठी. काही प्रश्न खरोखरच अवघड आहेत. ऑस्ट्रियात, जो नकार नोंदवीत नाही त्याची मरणोत्तर अवयवदानास संमती गृहीत धरली जाते. जर्मनीत संमती मुद्दाम नोंदवावी लागते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत संमतीचे प्रमाण ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक आणि जर्मनीत १२ टक्के होते. ऑस्ट्रियाची रीत मनाच्या सवयीचा उपयोग करते हे खरे. पण ती कायद्याने उघड आहे आणि नकाराचा मार्ग मोकळा आहे. ती न्याय्य मानावी की नाही याविषयी विचारवंतांत मतभेद संभवतात.

८. दक्षता आणि अतिसंशय

भुलविण्याच्या सामर्थ्याविषयी अतिशयोक्तीही होत असते. जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाने १९५७ मध्ये असा दावा केला की, चित्रपट चालू असता डोळ्यांस जाणवणार नाही इतक्या अल्पकाळ पडद्यावर सूचना झळकवून त्याने लाह्यांचा व कोका-कोलाचा खप वाढविला. जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यानेच मान्य केले की, ती प्रसिद्धीची एक क्लृप्ती होती. मनुष्य हा दोरीने हलविता येणारे बाहुले नव्हे. सर्वांवरच अविश्वास धरणारा मनुष्य खऱ्या वैद्याचा सल्लाही फेटाळतो, आणि सत्य-असत्य सारखेच आहे असे मानू लागतो. हेही एक प्रकारे भुलणेच आहे.

यावर उपाय सरावाचा आहे. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास असे दाखविले की, चुकीच्या युक्तिवादाचा सौम्य नमुना व त्याचे खंडन आधी दाखविल्यास, पुढे तशा युक्तिवादास मन सहसा बळी पडत नाही. देवीची लस टोचल्याप्रमाणेच हे घडते. शाळेत व ग्रंथालयात असे नमुने एकत्र बसून तपासणे म्हणजे मोडलेली वादसभा पुन्हा भरविणेच होय. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी त्याचा शेवट कोणी कापला आहे काय, एवढा प्रश्न विचारण्याची सवय गावातील दहा जणांस लागली तरी त्या गावात येणाऱ्या अनोळखी पांथस्थास त्याचे संरक्षण लाभेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सक्ती, पटवून देणे व भुलविणे यांतील भेद प्रत्येकी एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. सर्व विधाने खरी असूनही दिशाभूल कशी होते? कराचीच्या चित्रफितीच्या आधारे लिहा.
३. वाद, जल्प व वितंडा यांपैकी कोणता प्रकार आंतरजालावर अधिक आढळतो? कारणे द्या.
४. एका आठवड्यातील कोणत्याही पाच जाहिराती जमवून त्यांस चारही कसोट्या लावा. कोणत्या कसोटीवर निर्णय करणे अवघड गेले ते नमूद करा.
५. अवयवदानाच्या संमतीची ऑस्ट्रियातील व जर्मनीतील रीत यांवर वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा, आणि नंतर प्रत्येकाने प्रतिपक्षाची बाजू मांडावी.